मचाण इथं, गाडी कुठं?

नोव्हेंबरातला हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की अमेरिकेतल्या पश्चिम विस्कॉन्सिनमधल्या छोट्या गावांत, कॅफेत म्हणा, पशुखाद्याच्या दुकानात म्हणा, एक प्रश्न हमखास निघतो: गाडी कुठं लावतोस? बंदूक कुठली, काडतुसं कुठली यावर माणसं मोकळेपणानं बोलतात. मचाण नेमकं कुठल्या झाडावर आहे हे कुणी सांगत नाही, आणि विचारायची रीतही नाही. गाडीच्या जागेवर मात्र वाद रंगतो. कुणी म्हणतं, दोनशे यार्ड पुष्कळ झाले. कुणी म्हणतं, अर्ध्या मैलाच्या आत इंजिन आणणार असाल तर घरीच झोपा. एखादा शपथेवर सांगतो की हरणं गाडीला भीतच नाहीत, आणि त्याच्या शेतावर ते खरंही असतं.

माझं मत असं, की हा प्रश्न यार्डांत विचारला की उत्तर हाती लागत नाही. उभी गाडी आजूबाजूच्या सगळ्यांना काहीतरी सांगत असते. हरणांना सांगते, दुसऱ्या शिकाऱ्यांना सांगते, जमिनीच्या मालकाला सांगते, आणि एखादा माणूस वेळेवर घरी परतला नाही तर त्याला शोधायला निघालेल्यांनाही सांगते. यांतल्या कुणाला ती कळावी आणि कुणाला कळू नये, हे आधी ठरवावं लागतं. अंतर त्यानंतर येतं.

मी राहते तो भाग व्हर्नन काउंटीचा. हिमयुगातल्या बर्फानं विस्कॉन्सिनचा बराचसा भाग रगडून काढला, पण नैर्ऋत्येचा हा कोपरा त्यातून सुटला. त्यामुळे इथं माथ्यावर सपाट शेतं, मग तीव्र उतार, उतारावर ओक आणि हिकरीचं रान, आणि तळाशी ओढा व त्याला धरून जाणारा रस्ता, अशी जमीन आहे. या अरुंद दऱ्यांना इथं ‘कूली’ म्हणतात. शेतं उताराला आडवी, पट्ट्यापट्ट्यांची. एक पट्टा मक्याचा, एक लसूणघासाचा. जमिनीची धूप थांबवण्यासाठी अख्ख्या पाणलोटाचं काम हाती घेण्याचा अमेरिकेतला पहिला प्रयोग १९३३ मध्ये इथल्याच कून व्हॅलीत झाला, आणि ते पट्टे अजून तसेच आहेत. हरणाला याहून चांगली जागा मागून मिळायची नाही. खायला मका आणि ओकची फळं, लपायला उतार, प्यायला ओढा.

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या, आधीच्या शनिवारी इथला बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. राज्यभर पाच लाखांहून जास्त माणसं भगव्या झगझगीत जाकिटांत रानात उतरतात. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी चालवायला परवानगी असते, म्हणजे त्याच्याही बरंच आधी मचाणावर चढून बसायला हवं. या सगळ्या गाड्या लागतात त्या किर्र अंधारात.

मराठी माणसाला हरणाच्या शिकारीबद्दल वाचताना अवघडल्यासारखं होतं, हे मला ठाऊक आहे. मी चंद्रपूरची. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला लगाम घातला, आणि तो घालायलाच हवा होता. इथं गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. १९०० च्या सुमारास बेसुमार, बाजारासाठी केलेल्या शिकारीमुळे अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची ही हरणं पाच लाखांच्या आसपासच उरली होती. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. मधल्या काळात कडक कायदे झाले, ठरलेले हंगाम आले, आणि १९३७ च्या कायद्यानं रायफली व काडतुसांवरचा कर, जो आज ११ टक्के आहे, वन्यजीवांच्या कामालाच राखून ठेवला. लांडगे आणि प्यूमा मात्र दक्षिणेकडच्या या शेतीच्या मुलखात पूर्वीसारखे परतले नाहीत. हरणांची संख्या आवरायची तर ते काम आज माणसाकडे आहे. मी शिकार करते, मारलेल्या हरणाचं मांस घरात वर्षभर शिजतं, आणि हे करायचं तर त्या जनावराला कमीत कमी त्रास देऊन करायचं असं मला मनापासून वाटतं. गाडीचा प्रश्न माझ्या दृष्टीनं तिथूनच सुरू होतो. घाबरलेलं, धावतं हरीण नीट मारता येत नाही. शांतपणे चरत आलेलं हरीण एका गोळीत जागेवर पडतं.

ज्यांच्या जमिनीवर मी बसते ते आता ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांचे पूर्वज नॉर्वेहून आले, आणि आयुष्यभर त्यांनी गाई सांभाळल्या. त्यांना मी इथं आजोबाच म्हणते. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही विस्कॉन्सिनमध्ये शिकारीचा परवाना काढायचा तर आधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तो मी केला, आणि बंदूक कशी धरायची, कुंपण कसं ओलांडायचं हे तिथं शिकले. गाडी कुठं लावायची हे आजोबांनी शिकवलं.

त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट आवाजाची. हरणाचे कान वेगवेगळ्या दिशांना वळतात, एक पुढं तर एक मागं, आणि झोपेतही ते स्वस्थ नसतात. थंडीच्या पहाटे वारा पडलेला असतो. रात्रभरात जमीन निवून तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड झालेली असते, आणि अशा हवेत आवाज वर विरून न जाता पुन्हा जमिनीकडे वळतो. त्यामुळे दुपारी शंभर यार्डांवर हरवून जाणारा दाराचा आवाज पहाटे पाच वाजता अख्ख्या कूलीत ऐकू जातो. ज्या दिवशी वारा भणाणतोय आणि ओकवरची सुकी पानं सळसळतायत, त्या दिवशी तीच गाडी अर्ध्या अंतरावर लावली तरी चालते. म्हणजे कालचं अंतर आज लागू नाही. आजोबा रात्री झोपण्यापूर्वी अंगणात उभे राहून थोडा वेळ नुसतं ऐकतात आणि मग सकाळी कुठं थांबायचं ते सांगतात.

दुसरं असं की इंजिनाच्या आवाजानं फारसं बिघडत नाही. या रस्त्यांवरून दुधाचे टँकर जातात, शाळेच्या बस जातात, ट्रॅक्टर जातात. हरणं मान वर करून बघतात आणि पुन्हा चरायला लागतात. बिघडतं ते इंजिन बंद झाल्यावर. इंजिन थांबलं, एक दार वाजलं, मग दुसरं, मागचा फाळका धाडकन पडला, किल्लीचं बटण दाबल्यावर गाडी टीं करून बोलली, कुणाची तरी चेन सरकली, आणि मग गोठलेल्या पानांवर दोन पायांची चाल सुरू झाली. ही सगळी साखळी हरणं ओळखतात. दोन-तीन हंगाम पाहिलेली मादी तर फारच चांगली ओळखते. ती पळत सुटेलच असं नाही. पुष्कळदा ती नुसती उठते, पाय आपटते, आणि दाट झुडपात जाऊन दिवसभर तिथंच बसून राहते. शिकारी मात्र मचाणावर बसून म्हणतो, या वर्षी हरणंच कमी झालीत.

म्हणून आजोबांच्या गाडीत आतला दिवा कायमचा बंद केलेला आहे. दार ढकलून हलकेच दाबून लावायचं, फाळका उघडायचाच नाही, सामान आदल्या संध्याकाळीच मागच्या सीटवर हाताशी ठेवायचं. बोलणं गाडीत, खिडक्या बंद असताना उरकायचं. एवढं केलं की शंभर-दीडशे यार्ड आपोआप वाचतात, असं ते म्हणतात, आणि मला ते पटलेलं आहे. लोक अंतरावर वाद घालतात, दारावर घालत नाहीत.

दिव्यांचंही तसंच. गाडी कितीही लांब असो, वळताना हेडलाइटचा झोत त्या शेतावरून फिरला तर सगळं मुसळ केरात. अंधारात हरणं शेतातच असतात, चरत असतात. त्यामुळे गाडी अशा ठिकाणी लावायची की तिथं पोचताना आणि तिथून निघताना झोत शेतावर पडणार नाही. हे दिवसा, हंगामाच्या आधी जाऊन बघावं लागतं. पुष्कळजण ऑक्टोबरमध्ये मचाण तपासायला जातात, त्याचे पट्टे आवळतात, पायऱ्या हलवून बघतात. गाडीची जागा तपासणारा माणूस मी क्वचितच पाहिला.

पण या सगळ्यांच्या वर वारा. हरणाच्या नाकापुढे त्याचे कान आणि डोळे दुय्यम आहेत. डोळ्यांना फसवता येतं. आमची भगवी जाकिटंच घ्या ना, हरणाला तांबडा-भगवा रंग नीट दिसत नाही, ते त्याला मातकट वाटतं. नाकाला फसवण्याची जी साबणं, फवारे, कपडे विकले जातात त्यांवर माझा विश्वास नाही. वारा कुठून कुठं जातोय ते बघून, तो हरणाकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला राहणं, एवढंच आपल्या हातात आहे. इथल्या डोंगराळ भागात त्यातही एक पेच आहे. हवामानखातं सांगतं तो वारा माथ्यावरचा. कूलीच्या आत हवेचा स्वतःचा दिनक्रम असतो. रात्री उतारावरची हवा थंड, जड होऊन ओढ्यासारखी तळाकडे वाहते. ऊन चढलं की तीच तापून उताराला धरून वर जायला लागते. दिवस कलला की परत खाली.

आजोबांच्या खिशात त्यासाठी मिल्कवीडच्या बोंडातल्या म्हाताऱ्या असतात. आपल्या रुईच्याच कुळातलं हे झाड. एक म्हातारी चिमटीतून सोडायची आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचं. खांद्यापाशी उत्तरेला निघालेली म्हातारी वीस यार्डांवर वळून दरीत उतरताना मी पाहिली आहे. वास जातो तो याच वाटेनं.

आता हे गाडीला लावून बघा. माथ्यावरच्या शेताच्या कडेला गाडी लावून पहाटे उतारावरून खाली मचाणाकडे चालत गेलं, तर दोन घोटाळे होतात. त्या वेळी हरणं माथ्यावर चरत असतात, ती तिथंच बुजतात. आणि आपल्या अंगाचा वास आपल्या पुढं पुढं खाली वाहत जातो, म्हणजे तळाशी असलेल्यांनाही आपण यायच्या आधी बातमी पोचते. तेच गाडी तळाच्या रस्त्यावर, ओढा जिकडे वाहतो त्या बाजूला लावली आणि ओढ्याच्या काठानं वर चालत आलं, तर वास मागं राहतो, पाण्याचा आवाज पावलांवर पांघरूण घालतो. चाल मोठी पडते, चढ पडतो, पहाटे घाम येतो. पण माथ्यावरची हरणं उजाडता उजाडता झोपायला उतारावर यायला निघतात तेव्हा त्यांच्या वाटेवर आपण आधीच बसलेले असतो, आणि त्यांना काहीही कळलेलं नसतं. नकाशावर सरळ रेषेत मोजलं तर पहिली जागा मचाणापासून लांब आहे आणि दुसरी जवळ. लांबची वाईट, जवळची चांगली.

म्हणून ‘किती लांब’ या प्रश्नाला छातीठोकपणे आकडा सांगणाऱ्या माणसाला मी एवढंच विचारते, की कुठल्या बाजूनं?

सवयीची गोष्ट मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावते. आजोबांच्या गोठ्याशेजारी त्यांचा जुना पिकअप उभा असतो. तो तिथं वर्षानुवर्षं उभा असतो. हरणं त्याच्यापासून दगड फेकण्याच्या अंतरावर घासाच्या पट्ट्यात चरतात. तोच ट्रक रानाच्या कडेला, जिथं तो एरवी कधी नसतो, तिथं लावला तर हरणं त्याला वळसा घालतात. लोखंड तेच, डिझेलचा वास तोच. बदललेली असते ती जागा. आपल्या मुलखातला प्रत्येक दगड आणि प्रत्येक झुडूप ज्याला पाठ आहे, त्याला नवी वस्तू लगेच डोळ्यांत भरते.

हे शहाणपण आपल्याकडेही जुनं आहे. कोल्हापूर संस्थानात शिकारी चित्ते पाळलेले असत. चित्त्याच्या डोळ्यांवर झापड बांधून त्याला गाडीवरून माळावर न्यायचं. चित्त्याचा दम फार टिकत नाही, त्यामुळे काळविटांच्या कळपाच्या पुरेसं जवळ जाऊन त्याला सोडणं हे चित्तेवानाचं खरं कसब. पायी माणूस इतक्या जवळ जाऊच शकला नसता. पण काळविटं शेतकऱ्यांच्या बैलगाड्यांना सरावलेली होती, रोज त्या दिसत, त्यांच्यापासून कधी काही अपाय झालेला नसे. देशात जिथं जिथं चित्त्यांकडून शिकार चाले तिथं गाडीचा हा उपयोग होई. काळवीट गाडीला भीत नव्हतं, गाडीतून उतरणाऱ्याला भीत होतं. विस्कॉन्सिनचं हरीण आणि कोल्हापूरच्या माळावरचं काळवीट या बाबतीत एकाच मताचं आहे.

आणि ताडोबा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर माणसं बसतात, जनावरं मोजतात. वनखात्याची गाडी दुपारी माणसांना मचाणापाशी सोडते आणि निघून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी परत येते. चंद्रपूरला वाढलेल्यांना यात विशेष असं काही वाटत नाही, पण आता मला त्यातली युक्ती कळते. आलेली गाडी गेली, आवाज दूर दूर जात संपला, की रान पुन्हा आपल्या कामाला लागतं. गाडी तिथंच उभी राहिली असती तर रानानं तिची दखल घेतली असती. इथंही ज्यांना जमतं ते असंच करतात. घरातलं कुणीतरी शेतातल्या ट्रकनं मचाणाजवळ सोडतं, इंजिन बंद करत नाही, आणि तसंच पुढं निघून जातं. हरणांच्या लेखी एक ट्रक आला आणि गेला. यात मचाणापासून गाडी वीस यार्डांवर येते आणि मैलभर लांबही जाते.

याचा उलटा प्रयोग संध्याकाळचा, आणि तो मला जास्त आवडतो. संध्याकाळी शेताच्या कडेच्या मचाणावर बसलं की दिवस मावळता मावळता हरणं शेतात उतरतात. गोळी चालवायची वेळ संपते, आणि मचाणाखाली सात-आठ हरणं निवांत चरत असतात. आता उतरायचं कसं? तुम्ही शिडीवरून खाली आलात की त्या सगळ्यांना कळलं की या झाडावर माणूस असतो. ती जागा त्यांच्यासाठी बाटली. ती हरणं गाव सोडून जात नाहीत; आपल्याच टापूत राहतात, पण दिवसाउजेडी त्या झाडाकडे फिरकत नाहीत. म्हणून आजोबांची सून घरून ट्रक घेऊन येते, दिवे लावून, सरळ शेतात, हरणांच्या अंगावर. हरणं पांढऱ्या शेपट्या उभारून रानात पळतात. ट्रक मचाणाच्या बुंध्याशी थांबतो, मी उतरते, आत बसते, आम्ही जातो. हरणांनी ट्रकपासून पळ काढला. झाडाशी त्याचा काही संबंध त्यांना लागला नाही. दुसऱ्या संध्याकाळी ती परत त्याच पट्ट्यात येतात.

म्हणजे सकाळी लपवायची तीच गाडी संध्याकाळी मुद्दाम दाखवायची.

हे सगळं खासगी शेतावरचं. सरकारी जमिनीवर हिशेब निराळा होतो, कारण उभी गाडी जे सांगते ते वाचणारे तिथं वाढतात. तिथं खडी टाकलेले छोटे वाहनतळ असतात आणि पहाटे साडेचारला ते भरायला लागतात. तिथली उभी गाडी दुसऱ्या शिकाऱ्याला सांगते की इथं एकजण आधी आलेला आहे. शहाणा माणूस ती बघतो आणि पुढच्या तळावर जातो. अंधारात अनोळखी माणसाच्या मचाणाखालून बॅटरी घेऊन जाणं हे दोघांचीही सकाळ नासवणं आहे, आणि हातात बंदुका असताना ते धोक्याचंही आहे. काहीजण आपली जागा कुणाला कळू नये म्हणून गाडी भलतीकडे, झाडीत, रस्त्यापासून आत दडवून लावतात. मला हे अजिबात मान्य नाही. हरणापासून लपायचं, माणसापासून नाही. तुम्ही कुठं आहात हे दुसऱ्या बंदूकधाऱ्याला कळणं हीच तुमची सुरक्षितता आहे. कुणाच्या शेताचं फाटक किंवा वनखात्याची आडकाठी अडवून गाडी लावणं तर त्याहून वाईट. रात्री आग लागली किंवा रुग्णवाहिका न्यावी लागली तर ती वाट मोकळीच हवी.

सरकारी रानात ‘जितकं लांब तितकं बरं’ हा मंत्र मात्र फार चालतो. त्याला थोडा आधारही आहे. पेनसिल्व्हेनियातल्या सरकारी जंगलांत संशोधकांनी शिकारी कुठं बसतात याच्या नोंदी केल्या, तेव्हा रस्त्यापासून दर अर्ध्या किलोमीटरमागे तिथं शिकारी असण्याची शक्यता जवळजवळ एक तृतीयांशावर येते असं दिसलं, आणि चढ वाढला की आणखी घटते. माणसं गाडीला चिकटून राहतात. त्यामुळे जो लांब जातो त्याला मोकळं रान मिळतं. पण हरणांनाही हे कळतं, आणि ती नेहमी लांबच जातात असं नाही. सगळे जिथून झपाझप पुढं निघून जातात अशी वाहनतळामागचीच गचपणाची पट्टी एखादा जुना नर पकडून बसतो. त्याला तिथं दिवसभर गाड्यांची दारं ऐकू येतात आणि एकही पाऊल त्याच्याकडे वळत नाही.

घरी राहिलेल्या माणसांसाठीही ती गाडी असते. शिकारीतल्या दुखापतींचं एक मोठं कारण गोळी नसून झाडावरच्या मचाणावरून पडणं हे आहे. पडलेल्या माणसाच्या फोनला कूलीत रेंज असेलच असं नाही. शोध सुरू होतो तो गाडीपासून. म्हणून आमच्याकडे नियम असा, की गाडी ठरलेल्या तीन जागांपैकी एकीवरच लागेल, आणि कुठल्या जागी ते घरच्या फळीवर लिहूनच निघायचं. मोह झाला, वारा बदलला, तरी चौथी जागा नाही. आजोबांच्या बायकोनं हा नियम घातला आणि त्या गेल्यावरही तो चालू आहे.

आणि परतीची वाट. लांब गाडी लावण्याच्या गप्पा मारणारे ही बाजू विसरतात. इथला वाढलेला नर जिवंतपणी ऐंशी-नव्वद किलोंचा सहज असतो. आतडी काढल्यावर साधारण पाचवा हिस्सा वजन कमी होतं, पण उरलेलं ओढत न्यायचंच असतं, तेही चढावर, अंगावर थंडीचे जाड कपडे असताना. दर नोव्हेंबरात डॉक्टर बजावतात की वर्षभर खुर्चीत बसलेल्या माणसानं अचानक हे करू नये, हृदय साथ देत नाही. बर्फ पडलेला असला तर प्लास्टिकच्या घसरगाडीवर घालून ओढता येतं. बर्फ नसला, आणि दिवस उबदार असला, तर मांस खराब होण्याची घाई वेगळी. जनावर मारलं आणि अंतर जास्त म्हणून मांस वाया गेलं, तर ते पाप आहे असं मी मानते. गाडी लावताना येतानाची वाट आणि नेतानाची वाट या दोन्ही बघाव्या लागतात. बहुतेक वेळा त्या वेगळ्या असतात. हरीण पडल्यावर मात्र दबकण्याचं कारण उरत नाही. तेव्हा जमिनीच्या मालकाची परवानगी असेल तर ट्रक जितका जवळ आणता येईल तितका आणावा.

गेल्या दोन-तीन हंगामांत या सगळ्याला आणखी एक बाजू आली. आजोबांचे गुडघे. ओढ्याकाठची चाल त्यांना झेपेनाशी झाली. विस्कॉन्सिनमध्ये गाडीत भरलेली रायफल ठेवता येत नाही आणि गाडीतून गोळी झाडता येत नाही; पण चालू न शकणाऱ्यांसाठी उभ्या गाडीतून शिकार करण्याचा खास परवाना मिळतो. हा कायदा मला फार माणुसकीचा वाटतो. चालत जाण्याचं मोल मी मानते, पण ज्याला चालता येत नाही त्याला रानातून हद्दपार करण्याइतकं नाही. त्यांच्या डॉक्टरनं अर्जावर सही करायची तयारी दाखवली होती. आजोबा म्हणाले, गाडीत बसून मला वारा कळणार नाही.

मग आम्ही गोठ्याच्या पश्चिमेला, जुन्या सायलोच्या, म्हणजे चारा साठवायच्या उंच कोठीच्या, पुढं, जमिनीवरचीच एक लाकडी खोपी उभी केली. छप्पर, तीन खिडक्या, आत हात असलेली खुर्ची. ट्रक गोठ्याशेजारी, त्याच्या नेहमीच्या जागी. मध्ये सत्तरेक पावलं, सपाट, आणि चालताना धरायला गोठ्याची भिंत. पशुखाद्याच्या दुकानातले लोक हे ऐकून मान हलवतात. इतक्या जवळ गाडी ठेवून काय दिसणार, म्हणतात. पण तो ट्रक तिथं हरणांच्या आयांनी, आज्यांनी पाहिलेला आहे. आजोबा रोज पहाटे गोठ्यात जातात, दार वाजतं, दिवा लागतो, खोकल्याचा आवाज येतो. गाई विकल्या तरी त्यांची ती सवय सुटलेली नाही. हंगामाच्या सकाळी ते तेच करतात, फक्त गोठ्याच्या मागच्या दारानं बाहेर पडून खोपीत जाऊन बसतात. ओकच्या उतारावरून येणारी हरणं घासाच्या पट्ट्यात उतरतात. नोव्हेंबरात इथं वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा किंवा वायव्येचा असतो, म्हणजे हरणांकडून खोपीकडे, आणि खोपीचा वास मागं गोठ्यावर, रस्त्यावर जातो.

वादळापूर्वी कधीकधी वारा पूर्वेला फिरतो. तशा सकाळी ट्रकचा, गोठ्याचा आणि माणसाचा सगळा वास सरळ उतारावर चढतो. त्या दिवशी आजोबा खोपीत बसत नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीशी कॉफी घेऊन बसतात आणि मला ओढ्याकाठच्या मचाणावर पाठवतात, गाडी खालच्या पुलापाशी लावायला सांगून.